शनिवारी थांबणारा घाणा

परदेशात वाढणाऱ्या मुलांचा प्रश्न आता मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाही. रायगडच्या किनाऱ्यावर मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंत कोणत्याही गावात जावे. नारळी-पोफळीच्या वाडीतल्या एखाद्या घरी आजी-आजोबा नातवंडांचे वय सांगतात, तेव्हा त्यांच्या देशाचेही नाव सांगतात. एक मुलगा आखातात, एक मुलगी अमेरिकेत, भाचा जर्मनीत, असा आता अनेक घरांचा पसारा आहे. नातवंडे वर्षा-दोन वर्षांतून एकदा येतात. त्यांना समुद्र आवडतो, आजीचे लाड आवडतात. पण आजी बोलते त्यातले निम्मे त्यांना कळत नाही आणि मधे आईला दुभाष्याचे काम करावे लागते. नातवंडे परत गेली की घरात जी शांतता पसरते, तिच्यात विरहाइतकीच एक न बोललेली शंकाही असते. ही मुले आपली राहतील का?

या शंकेला आपल्या समाजात दोन ठरावीक उत्तरे दिली जातात. एक वर्ग म्हणतो, जसा देश तसा वेश. मुले जिथे वाढतात तिथली होणार, त्याचे दुःख कशाला करायचे? दुसरा वर्ग म्हणतो, पश्चिमेच्या वाऱ्याला लागली ती मुले गेली. तिथे राहणाऱ्या आईबापांनी पैशापायी संस्कार सोडले. पहिले उत्तर हात झटकणारे आहे आणि दुसरे अन्यायकारक. परक्या देशात मूल वाढवणे म्हणजे काय, त्यात काय टिकते, काय निसटते आणि कशामुळे, याचा विचार दोन्हींत नाही. तो करायचा तर न्यू जर्सी किंवा लंडनचे दाखले शोधण्याची गरज नाही. याच किनाऱ्यावर शेकडो वर्षे एका परक्या समाजाने आपली मुले वाढवली. त्यांच्यासाठी परदेश म्हणजे आपला कोकण होता.

अलिबागच्या उत्तरेला समुद्रकाठी नवगाव आहे. बेने इस्रायल या ज्यू समाजाची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचे जहाज या परिसरातील किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि त्यांच्यापासून पुढे हा समाज वाढला. हायम सॅम्युअल केहिमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहिताना ही घटना इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमाराची मानली. काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु एवढे निश्चित, की हा समाज अनेक शतके कोकणच्या गावागावांत विखरून राहिला. जवळ धर्मग्रंथ नव्हते, धर्मगुरू नव्हते, आपल्या मूळ भूमीशी संपर्क नव्हता. व्यवसाय तेलाच्या घाण्याचा. भाषा मराठी झाली, लुगडे आणि मंगळसूत्र आले, लग्नाआधी मेंदीचा सोहळा आला. गावांवरून आडनावे पडली: पेणकर, रोहेकर, नवगावकर, केहिमकर, दिवेकर, अष्टमकर. त्यांच्याकडे पाहून हे कोणी दूरदेशीचे आहेत, असे अनोळखी माणसाला सांगता आले नसते.

तरीही गावाने त्यांना एक वेगळे नाव दिले होते. ते नाव होते ‘शनिवार तेली’. आठवड्यातील सहा दिवस घाणा चालवणारे हे लोक शनिवारी घाणा थांबवत, म्हणून हे नाव. त्यांच्या श्रद्धेनुसार तो विश्रांतीचा पवित्र दिवस, ‘शब्बाथ’. गावाला शब्बाथ माहीत असण्याचे कारण नव्हते. गावाला एवढेच दिसत होते, की या घरचा बैल शनिवारी जुंपला जात नाही. पिढ्यानपिढ्या दिसत राहिले म्हणून त्याचे नाव झाले.

या नावाकडे आजच्या परदेशस्थ हिंदू कुटुंबांनी बारकाईने पाहावे, असे आम्हाला वाटते. शेजाऱ्याने या समाजाला त्याच्या रंगावरून ओळखले नाही, वेशावरून नाही, भाषेवरून तर नाहीच. ओळखले ते त्याच्या नेमावरून. शिवाय हा नेम फुकटचा नव्हता. हातावर पोट असलेल्या तेल्याने आठवड्यातला एक दिवस घाणा बंद ठेवायचा म्हणजे वर्षाकाठी जवळजवळ पन्नास दिवसांच्या कमाईवर पाणी सोडायचे. सणासुदीच्या दिवसांत गिऱ्हाईक दारात उभे असताना ‘आज नाही’ म्हणायचे. घरातले पोर हे पाहत मोठे होत असे. बाप कशासाठी तोटा सोसतो, हे मुलाच्या मनावर जितके खोल ठसते, तितके बापाचे बोलणे ठसत नाही. ज्या गोष्टीसाठी घराने कधीच काही सोडले नाही, ती गोष्ट महत्त्वाची आहे हे मुलाला कितीही सांगा, ते त्याला पटत नाही.

दुसरा दाखला स्वयंपाकघरातला आहे. डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू कोकणात आला आणि त्याला हे लोक आपल्याच धर्माचे असावेत अशी शंका आली, असे परंपरा सांगते. तो केव्हा आला, यावर एकमत नाही. त्याने स्त्रियांपुढे अनेक जातींची मासळी ठेवली आणि रांधायला सांगितले. त्या स्त्रियांनी खवले आणि पर असलेली मासळी निवडून घेतली व बाकीची बाजूला सारली. ज्यू धर्मशास्त्राचा मासळीविषयीचा नियम नेमका हाच आहे. त्या स्त्रियांना हिब्रू येत नव्हते. नियम कोणत्या ग्रंथात आहे, हे त्यांनी वाचले नव्हते. पण आईने जे बाजूला सारले ते लेकीने बाजूला सारले आणि तिच्या लेकीनेही. ज्या किनाऱ्यावर कोळंबी, खेकडे आणि कालवे दारात येतात, तिथे हा नेम अनेक पिढ्या टिकला. ‘शेमा’ ही प्रार्थना, मुलाची आठव्या दिवशीची सुंता, शनिवारची विश्रांती आणि अन्नाचे नियम एवढीच शिदोरी उरली होती. ग्रंथ गेला, भाषा गेली, कित्येक सणांची नावे गेली. पण घराने पाळलेले नेम राहिले आणि त्या नेमांवरूनच पुढे त्यांना आपली हरवलेली ओळख परत मिळाली.

यजमान समाजाचा विचार केल्याशिवाय मात्र ही कथा पुरी होत नाही. शनिवारी घाणा थांबवणाऱ्याला कोकणातील हिंदू समाजाने ‘आमच्यासारखे व्हा’ असा आग्रह केला नाही. त्याच्याकडून तेल घेणारे गिऱ्हाईक शनिवारऐवजी शुक्रवारी आले, इतकेच. आंग्र्यांच्या चाकरीत या समाजातील माणसे होती. पुढे ब्रिटिश सैन्यात त्यांनी नाव कमावले. जगात अन्यत्र ज्यूंच्या वाट्याला हकालपट्टी आणि कत्तली येत असताना इथे त्यांच्या प्रार्थनास्थळांना शेजार मिळाला. सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत बांधलेल्या पहिल्या सिनेगॉगला हा समाज स्वतःच ‘मशीद’ म्हणे. आजचे मशीद बंदर ते नाव मिरवते, असे सांगितले जाते. अलिबागच्या इस्रायल आळीत, रेवदंड्यात, पेणला आणि पनवेलला सिनेगॉग उभी राहिली. वेगळ्या उपासनेला जागा देणे हा हिंदू मनाचा सहजभाव आहे. आज आपली मुले परक्या देशांत आपल्या सणांसाठी, आपल्या अन्नासाठी आणि कपाळीच्या गंधासाठी जी सहजता मागतात, ती आपण कधीकाळी दिलेली आहे. आपण ती मागतो तेव्हा कुणाचे उपकार मागत नाही.

एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी या समाजात मोठ्या आशेने काम सुरू केले. जॉन विल्सन यांनी १८३२ साली त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरणाचे पुस्तक काढले. मराठीत बायबल आले, शाळा निघाल्या. बेने इस्रायल मुले त्या शाळांत शिकली, हिब्रू शिकली, इंग्रजी शिकली, आपल्या पूर्वजांच्या कथा प्रथमच मायबोलीत वाचू लागली. परंतु धर्मांतर अगदी मोजक्यांनीच केले. जे उपयोगाचे होते ते त्यांनी घेतले आणि आपला घाणा शनिवारी थांबवतच राहिले. बाहेरच्या विद्येला घाबरून मुलांना घरात कोंडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. घराची घडी पक्की असेल तर शाळा परक्याची असली तरी मूल परके होत नाही.

केवळ नेम पुरेसा असतो, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. नेमाचा अर्थ विसरला की एक दिवस पुढची पिढी ‘कशासाठी?’ असे विचारते आणि उत्तर मिळाले नाही तर नेम सोडते. बेने इस्रायल समाजाला हे वेळीच उमगले. झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांकडे पूर्वीपासून काझीपण होते. ते गावोगाव फिरून विधी करत. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थना मराठीत आणल्या. केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७५ साली मुंबईत समाजासाठी शाळा काढली. १८८० च्या दशकात तर याच समाजाने आपल्या धर्मकथा मराठी कीर्तनाच्या रूपात सांगायला सुरुवात केली. अब्राहामाची कथा कीर्तनकाराच्या तोंडून, ओवी-अभंगांच्या वळणाच्या पदांतून! यजमानाच्या अंगणातले उत्तम साधन त्यांनी उचलले आणि त्यातून मुलांना स्वतःचा धर्म शिकवला. अनुकरण आणि आत्मसात करणे यांतला भेद सांगायला याहून चांगला दाखला क्वचितच मिळेल.

परंतु इतिहास सोयीपुरता वाचायचा नसतो. या समाजाने आपल्याकडून कीर्तन घेतले, मेंदी घेतली, तसे आपले दोषही घेतले. त्यांच्यात ‘गोरा इस्रायल’ आणि ‘काळा इस्रायल’ असे दोन भाग पडले. एकाच देवाची प्रार्थना करणारे, एकाच गावात राहणारे हे लोक एकमेकांत सोयरीक करीनात. विधवेचा पुनर्विवाह त्यांच्या धर्माला मंजूर असूनही आपल्याकडे पाहून तो टाळला जाऊ लागला. ही उच्चनीचता त्यांनी कोणत्या ग्रंथातून घेतली नव्हती. ती शेजारातून घेतली होती. यजमान म्हणून आपण त्यांना आश्रय दिला याचा अभिमान जितका खरा, तितकीच ही लाजही खरी आहे. आज परदेशात जाणारा हिंदू आपल्या सामानात गीता आणि गणपती नेतो. त्याच सामानात पोटजातीचा हिशेबही जात असेल, तर तिथे वाढणारे मूल आधी त्या हिशेबावर बोट ठेवील आणि गीतेलाही त्याच तागडीत घालील. त्याला दोष देता येणार नाही.

१९४८ साली इस्रायल राष्ट्र उभे राहिले आणि चित्र उलटे झाले. त्या सुमारास भारतात बेने इस्रायल समाजाची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. पुढील दोन-तीन दशकांत बहुतेकांनी आपल्या पूर्वजांच्या भूमीची वाट धरली. कोणी हाकलले म्हणून नव्हे, श्रद्धेच्या ओढीने. बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद, रामला अशा गावांत आणि नव्या वसाहतींत ही मराठी माणसे पोहोचली. दोन हजार वर्षे ज्या भूमीकडे तोंड करून प्रार्थना केली तिथे पाऊल ठेवल्यावर त्यांना जाणवले, की आपण इथेही परके आहोत. अरबी समुद्राच्या काठची माणसे नेगेवच्या वाळवंटाच्या कडेला राहू लागली. भात आणि मासळीच्या जागी पाव आला. मुलांच्या शाळेत शिक्षकांना पहिल्या नावाने हाक मारण्याची रीत होती. वडीलधाऱ्यांसमोर आवाज चढवू नये असे शिकलेल्या आईला तिचे पोर वर्गात तावातावाने वाद घालते म्हणून शाबासकी मिळवताना पाहावे लागले. अठराव्या वर्षी मुलगाच नव्हे तर मुलगीही सैन्यात जाऊ लागली. धर्म एक, राष्ट्र आपले, तरी घरातली रीत वेगळी. परदेश म्हणजे केवळ परधर्मीयांचा देश नव्हे, हे या कुटुंबांनी अनुभवले.

त्यांच्या वाट्याला अवहेलनाही आली. १९५१-५२ मध्ये काही कुटुंबांनी ‘आम्हाला भारतात परत पाठवा’ म्हणून धरणे धरले आणि त्यांतील काही खरोखर परतलीही. पुढे त्यांतल्या अनेकांनी पुन्हा इस्रायल गाठले. १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायलांचे विवाह लावताना त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचे निर्देश दिले. म्हणजे ज्यांनी कोकणात, एकही धर्मगुरू नसताना, शतकानुशतके शनिवार पाळला, त्यांच्याच ज्यू असण्याविषयी शंका! समाज पेटून उठला. आंदोलने झाली, जेरुसलेममध्ये धरणे धरले गेले आणि अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने हा समाज सर्वार्थाने ज्यू आहे, असे जाहीर केले. या लढ्यात त्यांनी धर्म सोडण्याची धमकी दिली नाही, देशावर सूड उगवला नाही. संघटित होऊन, सनदशीर मार्गाने आपला मान मिळवला.

या झगड्यातून गेलेल्या आईबापांनी मुलांना हिब्रू शिकू दिले, सैन्यात पाठवले, तिथले उत्तम नागरिक केले. त्याच वेळी घरात मराठी ठेवली. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक १९८० च्या दशकापासून इस्रायलमध्ये निघू लागले. १९९६ साली जागतिक मराठी परिषद त्या देशात भरली. मलिद्याचा विधी तर आजही त्यांच्या घराघरांत होतो. भिजवलेल्या पोह्यांत ओले खोबरे, साखर, सुका मेवा घालून, सोबत फळे ठेवून एलियाहू प्रेषिताच्या नावाने हा प्रसाद केला जातो. लग्न असो, नवे घर असो, संकटातून सुटका असो. याच एलियाहूचा रथ अलिबागजवळच्या खंडाळे येथील खडकावर टेकून गेला, अशी त्यांची श्रद्धा आहे आणि इस्रायलहून येणारी कुटुंबे आजही त्या खडकाचे दर्शन घेतात. नातवंडांची मराठी आता थकली आहे, हेही खरे. हिब्रूत वाढलेला तरुण आजीशी दोन वाक्ये बोलतो आणि थांबतो. पण लग्न ठरले की मेंदी होते, मलिदा होतो, आणि पोहे कुठून आले हे त्याला माहीत असते.

मॉरिशसमधील मराठी समाजाचा अनुभवही असाच आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून तिथे गेलेल्या मजुरांच्या वंशजांची रोजची बोली आज प्रामुख्याने क्रिओल आहे. तरी गणेशोत्सव त्यांनी असा धरून ठेवला, की गणेश चतुर्थी त्या देशात सार्वजनिक सुटीचा दिवस झाली. दोन देश, दोन धर्म, दोन समाज. पण निष्कर्ष एकच निघतो. भाषा पहिल्या वाऱ्यात हलते. घरातला नेम शेवटपर्यंत टिकतो. म्हणून भाषेचा आग्रह सोडावा, असे नव्हे. जिथे नेम टिकतो तिथे भाषेला परत यायला दार उघडे राहते, आणि जिथे नेमच नाही तिथे शिकवणी लावून आणलेली भाषा पाहुण्यासारखी येऊन निघून जाते.

आता आजच्या मराठी कुटुंबांकडे वळू. परदेशातले फरक तत्त्वज्ञानाचे नसतात, ते डब्यातले आणि अंथरुणातले असतात. तान्ह्या मुलाला वेगळ्या खोलीत झोपवायचे की कुशीत? भात हाताने भरवायचा की चमचा हातात द्यायचा? वाढदिवसाला औक्षण करायचे की मेणबत्त्या फुंकायच्या? मुलगी मैत्रिणीच्या घरी रात्री राहायला जाते म्हणाली तर? डब्यातल्या भाजीच्या वासावरून वर्गात कोणी नाक मुरडले आणि ‘उद्यापासून ब्रेड दे’ म्हणून मूल रडत घरी आले तर? यांतील कित्येक प्रश्नांवर आपलेच बरोबर आणि त्यांचे चूक असे काही नसते. पाश्चात्त्य शाळा मुलाला स्वतःचे मत मांडायला शिकवते, आपली कामे आपण करायला शिकवते, रांगेत उभे राहायला शिकवते. हे घेण्यासारखेच आहे. वृद्ध आईबाप हे कुटुंबाचे ओझे नसून केंद्र असतात, आपल्या ताटातले आधी पाहुण्याला द्यावे, हे देण्यासारखे आपल्याकडे आहे.

कधी हे फरक भयंकर रूप घेतात. २०११ साली नॉर्वेत एका भारतीय दांपत्याची दोन लहान मुले तिथल्या बालकल्याण यंत्रणेने ताब्यात घेतली. हाताने भरवणे, मुलांना आपल्याजवळ झोपवणे याही गोष्टी आपल्याविरुद्ध मोजल्या गेल्या, असे आईबापांचे म्हणणे होते. प्रश्न सांस्कृतिक फरकाचा नाही, असे त्या यंत्रणेचे म्हणणे होते. भारत सरकारला मध्ये पडावे लागले, २०१२ साली मुले भारतात आली आणि २०१३ साली ती आईला मिळाली. त्या प्रकरणातील प्रत्येक बाबीचा निवाडा आम्ही इथून करणार नाही. परंतु मुलांना मायेने वाढवणाऱ्या घराचेही बोलणे परक्या यंत्रणेपुढे एकटे पडले तर किती दुबळे ठरते, हे त्यातून कळावे. पाठीशी समाज हवा, आणि त्या समाजाला तिथल्या कायद्याचे, तिथल्या भाषेचे आणि तिथल्या शेजाऱ्यांचे नीट ज्ञान हवे. शेजाऱ्यांशी संबंध न ठेवता आपल्याच चौकडीत राहणारी कुटुंबे संकटाच्या वेळी साक्षीदारालाही मुकतात.

ज्ञानाची गरज दुसऱ्याही एका प्रकरणात दिसली. २००५-०६ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सहावीच्या पाठ्यपुस्तकांतील हिंदू धर्माविषयीच्या मजकुरावरून हिंदू पालकांना लढावे लागले, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. त्या मजकुरापुढे बसलेले अकरा वर्षांचे पोर संध्याकाळी घरी येऊन विचारते, ‘बाबा, हे खरे आहे का?’ त्या वेळी बाबांना स्वतःलाच काही माहीत नसेल, तर पाठ्यपुस्तक जिंकते. गावात वाढलेल्या मुलाला जे न विचारता अंगवळणी पडते, ते परदेशी वाढणाऱ्या मुलाला विचारून, पटवून घ्यावे लागते. म्हणून परदेशातील आईबापांना इथल्या आईबापांपेक्षा अधिक वाचावे लागेल. ‘आपल्यात असे करतात’ हे उत्तर अलिबागला चालते, अटलांटाला चालत नाही.

सुदैवाने हे काम करणाऱ्या व्यवस्था उभ्या राहिल्या आहेत. १९८१ साली स्थापन झालेल्या उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली मराठी शाळा चालतात. सुटीच्या दिवशी पहाटे उठून मुलांना गाडीत घालून नेणारे आणि स्वतः शिकवणारे आईबाप त्या चालवतात. १९४७ च्या मकरसंक्रांतीला नैरोबीत भारताबाहेरची पहिली संघशाखा सुरू झाली. आज अनेक देशांत हिंदू स्वयंसेवक संघाच्या शाखा आणि बालगोकुळम् चालतात. आठवड्यातला एक ठरलेला दिवस, एक ठरलेली वेळ, आपल्यासारखी दहा-वीस मुले, खेळ, गोष्ट आणि प्रार्थना. मुलाला आपण एकटेच वेगळे नाही, हे तिथे कळते. रविवारचा फुटबॉलचा सामना आणि रविवारची शाखा यांत निवड करण्याची वेळ घरावर येते, तेव्हा खरे तर शनिवारच्या घाण्याचाच प्रश्न पुन्हा विचारला जात असतो. आपण काय थांबवायला तयार आहोत?

हा प्रश्न केवळ परदेशस्थांना विचारून आपली सुटका नाही. रायगडच्या किनाऱ्यावरच्या घरांनाही तो विचारायला हवा. बंद घरे गणपतीत चार दिवस उघडतात आणि पुन्हा कुलूप लागते. पनवेल-अलिबागच्या इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलाला संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना शेजारी बसवणारी घरे किती उरली? घरच्या टेबलावर प्रत्येकजण आपापल्या मोबाइलमध्ये तोंड घालून जेवतो, त्या घराला न्यू जर्सीतल्या भाच्याच्या संस्कारांची चिंता करण्याचा अधिकार कितपत आहे? परदेशातल्या मुलाला निदान ठाऊक असते, की आपण परक्या वातावरणात आहोत, सावध राहायला हवे. इथल्या मुलाला ती सावधताही मिळत नाही. इथे बसून परदेश घरात येतो, आणि तो आल्याचे कुणाला कळतही नाही.

मग करावे काय? फार मोठे नाही. प्रत्येक घराने, ते अलिबागचे असो वा ऑस्लोचे, एक नेम निवडावा. आठवड्यातला एक दिवस सगळ्यांनी एकत्र बसून जेवणे असेल, तिन्हीसांजेचा दिवा आणि शुभं करोति असेल, एकादशी असेल, रविवारी सकाळी आजीशी मराठीतच बोलायचे असेल. तो लहान असावा, पण त्याच्यासाठी काहीतरी सोडावे लागावे. परीक्षा आहे, पाहुणे आहेत, कामाची बैठक आहे, म्हणून तो मोडू नये. त्याचा अर्थ आईबापांनी आधी स्वतः समजून घ्यावा आणि मुलाने विचारले तर न रागावता सांगावा. एकट्याने न पाळता चार घरांनी मिळून पाळावा. इथल्या आजी-आजोबांनीही नातवंडांच्या उच्चारांना हसण्यापेक्षा त्यांना पुढच्या सुटीत नवगावला न्यावे, इस्रायल आळीतले सिनेगॉग दाखवावे आणि सांगावे, की इथे दूरदेशीची काही माणसे आली होती. त्यांच्याजवळ काही उरले नव्हते, तरी ती आपली राहिली आणि आमचीही झाली.

परदेशात वाढणारे मूल तिथले चांगले नागरिक व्हावे, त्या देशाशी प्रामाणिक राहावे, तिथल्या मित्रांत मिसळावे, यात हिंदुत्वाला बाधा येत नाही. बेने इस्रायल मराठी होऊन ज्यू राहिले. आपली मुले अमेरिकन वा जर्मन नागरिक होऊन हिंदू राहू शकतात. त्यांचे तिथले शेजारी एक दिवस त्यांना कोणत्या नावाने ओळखतील, हे घरात आज काय पाळले जाते यावर ठरणार आहे. कोकणातल्या त्या तेल्यांनी आपली ओळख सांगायला कधी भाषण केले नाही. शनिवारी घाणा थांबवला, आणि गावाने त्यांचे नाव ठेवले.